एकच मालक, ६१ हजार किलोमीटर: मोहदरी घाटात तापलेल्या सिटीचं पूर्ण प्रकरण

गाडी होंडा सिटी, नोव्हेंबर २०१० चं मेक, पासिंग जानेवारी २०११, एमएच १५. १४९७ सीसीचं आय-व्हीटेक पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर. जून २०२३ मध्ये २ लाख १० हजाराला घेतली तेव्हा मीटरवर ६१ हजार होते आणि मालक एकच, गंगापूर रोडचे एक रिटायर्ड काका. सेकंड हँड घेणाऱ्याला याहून काय हवं असतं सांगा. मलाही तसंच वाटलं. इंजिन एका सेलमध्ये चालू, सीटवर अजून कव्हर, डिकीत ओरिजिनल जॅक-पाना जसाच्या तसा. आज हे सगळं लिहून काढतोय कारण त्या ६१ हजाराच्या आकड्यानेच मला पहिले काही महिने चुकीच्या दिशेला बघायला लावलं, आणि अशी गाडी घ्यायला निघालेले दोन-तीन जण माझ्याच ओळखीत आहेत.

आधी माझा रोजचा रस्ता सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घर पाथर्डी फाट्याला, नोकरी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत. विहितगाववरून नाशिकरोड, मग पुणे हायवे, चेहेडी, शिंदे-पळसे, टोलनाका आणि शेवटी मोहदरी घाट चढला की एमआयडीसी. जाऊन-येऊन ५६ किलोमीटर, महिन्याचे साधारण २४ दिवस, म्हणजे महिन्याला १३०० च्या वर. घाट मोठा नाहीये, कसाऱ्यासारखा तर मुळीच नाही, पण रोज सकाळी एकदा तो चढायचाच, बऱ्याचदा चार माणसं आणि एसी लावून, पुढे कांद्याचा नाहीतर लोखंडाचा ट्रक रांगत असतो आणि तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यावंच लागतं.

काकांची गाडी मात्र असं कधी चाललीच नव्हती. शेवटची चार-पाच वर्षं ती कॉलेज रोडची बँक, भाजी, रविवारी सोमेश्वर, एवढंच. आठवड्याला आठ-दहा किलोमीटर. काका अतिशय प्रामाणिक माणूस, काही लपवलं नाही, उलट स्वतःहून म्हणाले, "दर महिन्याला मी स्वतः पाणी चेक करतो हं, कधी कमी पडू दिलं नाही." ते वाक्य मी तेव्हा कौतुकाने ऐकलं. पाणी म्हणजे पाणीच, सोसायटीच्या बोअरचं, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा तयार द्रव) नव्हे, हे कळायला ऑक्टोबर उजाडला.

ऑक्टोबर २०२३, नवरात्र नुकतंच संपलेलं, ऑक्टोबर हीट जोरात. गाडीत आम्ही चौघं. घाट अर्धा चढलो आणि एसीची हवा एकदम कोमट झाली. मला वाटलं गॅस गेला असेल. अर्ध्या मिनिटात डॅशबोर्डवर टेम्परेचरची लाल खूण पेटली. गाडी कडेला घेतली, एसी बंद, हीटर फुल्ल, ब्लोअर फुल्ल. हे मला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, लहानपणी फियाटमध्ये शिकवलेलं, हीटर लावला की इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते. लाल खूण गेली तसं इंजिन बंद केलं. बोनेट उघडलं तर बाजूच्या रिझर्व्ह टाकीत बुडबुड आवाज येतोय आणि आतलं पाणी चहासारखं तांबूस. सोबतचे एक जण रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले होते, त्यांचा हात धरला. गरम असताना ते झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल झालं की त्याची तिथल्या तिथे वाफ होऊन अंगावर येते. पाऊण तास थांबलो, बिसलेरीच्या दोन बाटल्या टाकीत ओतल्या आणि हळूहळू कंपनी गाठली.

त्याच शनिवारी एका मोठ्या मल्टिब्रँड वर्कशॉपला गाडी दाखवली. त्यांनी वीस मिनिटं बघून सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड खोलावं लागेल, ३५ हजार धरा, आत काही निघालं तर वाढतील. मी विचारलं कशावरून, तर म्हणाले तापली ना, मग गॅस्केटच. माझा आक्षेप त्या आकड्याला नाहीये. गॅस्केट खरंच गेलं असतं तर ३५ हजार फार नव्हतेच. माझा आक्षेप आहे तो तपासणी न करता हेड खोलायला निघण्याला, कारण हेड एकदा खोललं की १३ वर्षांच्या इंजिनचे किती बोल्ट, किती सील, किती प्लास्टिकची कनेक्टर नव्याने दुखावतील हे कोणीच सांगू शकत नाही.

गाडी परत आणली आणि चारशे रुपयाचं ब्लूटूथवालं ओबीडी स्कॅनर मागवलं. स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावायचं, मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशात दिसतं. लाल खूण पेटते तेव्हा फार उशीर झालेला असतो, आकडा मात्र आधीपासून बोलतो. दोन आठवडे मी फक्त आकडे लिहिले, घाटात एसी बंद ठेवून आणि एकटाच जाऊन, सोबतच्यांना तेवढे दिवस कंपनीच्या बसने यायला सांगितलं. वहीतलं जसंच्या तसं देतो. नाशिकरोड ते शिंदे सपाटीवर ६०-७० च्या स्पीडने ९१ ते ९३. विहितगावच्या ट्रॅफिकमध्ये उभी असताना एसी लावून ९७ पर्यंत चढायचं, पंखा लागायचा, परत ९२. मोहदरी घाटात, एसी नसतानाही, १०१, १०३, माथ्यावर एकदा १०६. आणि माथ्यावरून सपाटीला लागल्यावर परत ९३ वर यायला पाच-सहा मिनिटं.

हे तीन आकडे शेजारी ठेवले की निम्मं निदान तिथेच होतं. गाडी उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, तर दोष बहुतेक पंख्याकडे, कारण पळताना वारा आपोआप मिळतो. इथे उलटं होतं. उभी असताना ठीक, सपाटीला ठीक, पण इंजिनवर लोड आला की उष्णता जास्त तयार होते आणि ती बाहेर टाकणं जमत नाही. म्हणजे पंखा काम करतोय, पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटरची ताकद कमी पडतेय. गॅस्केटची शंका अजून मिटली नव्हती, कारण गॅस्केट थोडं लीक असेल तरी लोडवर असंच दिसू शकतं.

मग सातपूरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, साठीच्या पुढचे आहेत, छोटं गॅरेज, दोनच गाड्या मावतात. वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, "साहेब, हे असं लिहून कोणी आणत नाही. बसा, आज हेडला हात लावायचा नाही."

गाडी थंड होती. आधी त्यांनी डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घेतलं, ऑइलच्या झाकणाच्या आतली बाजू बघितली, कुठे दुधाळ नाही. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून १.१ बार प्रेशर भरलं आणि चहा मागवला. वीस मिनिटांनी काटा तिथेच. म्हणजे बाहेर किंवा आत मोठी गळती नाही. मग झाकणाच्या जागी काचेची नळी बसवली, तिच्यात निळं लिक्विड, इंजिन चालू करून वरचा फुगा दाबत राहिले. गॅस्केट लीक असेल तर सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात येतो आणि निळ्याचं पिवळं होतं. दहा मिनिटं निळंच. त्या दहा मिनिटांत माझे ३५ हजार वाचले आणि या तपासणीचे चाचांनी ३०० रुपये घेतले.

शेवटी त्यांनी इन्फ्रारेड थर्मामीटर काढला, बंदुकीसारखा असतो तो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रेडिएटरच्या जाळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मारत गेले आणि मोठ्याने आकडे म्हणत गेले, मी लिहीत होतो. वरचा होज ९४. रेडिएटरची एक बाजू ८८, मग ८५, मग मधोमध एकदम ५२, ४९, ५१, आणि पलीकडे परत ७८. मधला हातभर पट्टा थंड. थंड म्हणजे चांगलं नव्हे, तिथे गरम पाणी पोचतच नाहीये. नळ्या आतून बुजल्यात. चाचांनी माझा हात धरून लांबून त्या भागापाशी नेला, एका बाजूला भट्टीसारखी धग आणि चार बोटांवर काहीच नाही.

रेडिएटर उतरवून पाणी ओतलं तर बादलीत गंजाचा गाळ, आणि नळ्यांच्या तोंडाशी पांढरे खडे, आपल्या बाथरूमच्या गिझरमध्ये धरतात तसेच क्षार. बोअरच्या पाण्याचं बारा वर्षांचं साचलेलं. अण्णांना दाखवलं तर ते म्हणाले आम्ही तर आयुष्यभर पाणीच घातलं. बरोबर आहे त्यांचं, पण त्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, आजचे अॅल्युमिनियमचे आणि टाकी प्लास्टिकची. कूलंटचं काम फक्त थंड करणं नाही. त्यातलं ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं आणि त्यातली रसायनं अॅल्युमिनियम, लोखंड गंजू देत नाहीत, क्षार धरू देत नाहीत. ही रसायनं कालांतराने संपतात, म्हणून कूलंट बदलायचं असतं, नुसतं वरून भरायचं नसतं. आणि तयार मिक्स नसेल तर डिस्टिल्ड वॉटरच मिसळायचं, नळाचं किंवा बोअरचं नाही.

चाचांनी रेडिएटर धुऊन बघितला, पट्टा उघडला नाही, मग नवाच टाकला. सोबत थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप), रेडिएटरचं झाकण, दोन्ही होज आणि ब्लॉक तीन वेळा फ्लश करून पूर्ण नवीन कूलंट. झाकणाकडे लोक लक्ष देत नाहीत म्हणून मुद्दाम सांगतो, आतला दाब धरून ठेवणारं तेच असतं, दाब वाढला की पाणी शंभरला उकळत नाही, त्याच्या बरंच पुढे जातं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की तो सगळा फायदा गेला. एकूण १३,६०० रुपये. दुसऱ्या दिवशी घाटात एसी लावून, मुद्दाम चौघं बसवून, माथ्यावर ९५.

इथे प्रकरण संपलं असं मला वाटलं होतं. पण चाचांनी गाडी खाली उतरवताना एक गोष्ट बोलून दाखवली जी मला आजही महत्त्वाची वाटते. "६१ हजार चाललीय म्हणून तुम्ही तिला तरुण समजताय. रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वर्षं कळतात." मग आम्ही दोघांनी मिळून गाडीखाली जाऊन एकेक रबर बघितलं. लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश चिरलेले. इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर टेकतं ते, बसलेलं, म्हणूनच सिग्नलला स्टिअरिंग थरथरायचं आणि मी प्लग बदलायच्या विचारात होतो. पुढचे शॉकअब्सॉर्बर घामेजलेले. टायरची नक्षी तर जवळजवळ पूर्ण शिल्लक, पण साइडवॉलवरचे चार आकडे २२१६, म्हणजे २०१६ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेले. सात वर्षांचे टायर, नखाने दाबलं तर प्लास्टिकसारखे कडक, बाजूला बारीक चिरा. त्याच टायरवर मी घरच्यांना घेऊन समृद्धीवर जायचा बेत करत होतो, तिथल्या काँक्रीटवर तासभर एका स्पीडने टायर किती तापतो हे माहीत असूनही. बेत पुढे ढकलला.

पहिल्या वर्षाचा हिशेब असा झाला: टायर २०,८००, कूलिंगचं काम १३,६००, पुढचं सस्पेन्शन आणि माउंटिंग २१,५००, क्लच १२,४०० (शहरातल्या शहरात चाललेल्या गाडीचा क्लच हायवेच्या गाडीपेक्षा लवकर जातो, त्यामुळे इथेही किलोमीटर फसवतात), बॅटरी ४,७००, आणि ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल मिळून ५,०००. एकूण ७८ हजार. बायकोने हा आकडा बघून विचारलं होतं की मग २ लाख १० हजाराची गाडी म्हणायची का २ लाख ८८ ची? मला तिचं गणित पूर्ण पटलं. जुनी सेडान घेताना विकणारा जी किंमत सांगतो त्यात पहिल्या वर्षाची ही रक्कम मिळवूनच ती परवडते का बघायचं. आणि कमी चाललेली गाडी मिळतेय म्हणून जास्त पैसे मोजण्यापेक्षा, ९० हजार चाललेली पण दर वर्षी सर्व्हिसची बिलं असलेली गाडी मी आज डोळे झाकून पसंत करेन. माझ्या एका सहकाऱ्याने तशीच घेतली आणि त्याचा पहिल्या वर्षाचा खर्च माझ्या निम्माही नाही.

त्यापुढच्या काळात मात्र गाडीने सोन्यासारखी साथ दिली. या इंजिनला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही, फक्त ऑइल वेळेवर. किरकोळ त्रास झाले ते रोजच्या वापराचेच. ग्राउंड क्लिअरन्स १६० मिलिमीटर, मागे तीन माणसं बसली की आमच्या कॉलनीचा दुसरा स्पीडब्रेकर घासतोच, तिरकी घेऊन एकेक चाक उतरवायची सवय लागली. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर रस्ते खणलेत तिथे तर फारच जपावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचं गार वारं आलं की जुनी बॅटरी सकाळी मान टाकायची, ती बदलल्यावर नाही. मागे मळे असल्याने उंदरांनी एकदा वॉशर पंपाची वायर कुरतडली, तेव्हापासून रात्री बोनेट थोडं उघडं ठेवतो, उजेड आणि वारा असला की ते घर करत नाहीत असा आमच्याकडचा तरी अनुभव आहे.

मायलेज रोजच्या रस्त्यावर १५.२ पडायचं, वहीत आहे. आता १४.३ च्या आसपास पडतं. यात गाडीचं काही बिघडलेलं नाही. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत मिश्रणात ६-७ टक्क्यांचा फरक हिशेबानेच येतो. मात्र गाडी जुनी असल्याने फ्यूल लाइनचे रबरी पाइप मी दर सर्व्हिसला हात लावून बघायला सांगतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तेव्हा घरात नवीन गाडीचा विषय निघाला. रात्री बसून आम्ही दोघांनी हिशेब मांडला. नवीन गाडीचा महिन्याचा हप्ताच ११-१२ हजार, वर पहिल्या वर्षांचा विमा. सिटीला आजपर्यंतच्या पूर्ण काळात, पहिल्या वर्षाचे ७८ हजार धरून, दुरुस्ती-देखभालीला १ लाख २४ हजार लागलेत आणि ती ४२ हजार किलोमीटर चाललीय, म्हणजे किलोमीटरला तीन रुपयांच्या आत. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर सव्वासात रुपये किलोमीटर, ते नव्या गाडीतही थोडंफार कमी-जास्त लागणारच. विमा थर्ड पार्टी, १००० ते १५०० सीसीच्या गटात प्रीमियम ३,४१६ अधिक टॅक्स, आणि आपली गाडी १४९७ म्हणजे त्या गटात जेमतेम बसते. टोलला ३,००० चा वार्षिक पास काढला, २०० फेऱ्यांचा, मला तो चार महिनेच पुरतो पण फेरीला १५ रुपयेच पडतात. विषय तिथेच मिटला.

राहिला होता १५ वर्षांचा प्रश्न. मला निदान दहा जणांनी सांगितलं की १५ वर्षं झाली की गाडी भंगारात. तसं नाहीये. १५ वर्षांची पेट्रोल आणि १० वर्षांची डिझेल गाडी चालवायला बंदी हा नियम दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, ते संपायच्या आधी फॉर्म २५ भरून पाच वर्षांसाठी वाढवता येतं, गाडी तपासणीला दाखवावी लागते, एप्रिल २०२२ पासून कारची फी ५,००० रुपये आणि हरित कर वेगळा. उशीर केला तर महिन्याला ५०० दंड चढतो, म्हणून तारीख आधीच बघून ठेवा.

मी जानेवारी २०२६ मध्ये पेठ रोडच्या आरटीओला गेलो. त्याआधी चाचांकडे एक पूर्ण दिवस घातला, हेडलाइटची लेव्हल, हॉर्न, हँडब्रेक, सगळे बल्ब, पीयूसी, नवीन नंबरप्लेट, टायर तर नवेच. तपासणीत बोनेट उघडून चॅसी नंबर बघितला, लाइट बघितले, ब्रेक बघितले. इन्स्पेक्टर साहेबांनी रिझर्व्ह टाकीतलं हिरवंगार कूलंट बघून विचारलं, इंजिन उघडलंय का कधी? म्हटलं नाही साहेब, अजून कंपनीचं सील आहे. आरसी आता जानेवारी २०३१ पर्यंत आहे.

मीटर १ लाख ३ हजारावर आहे. मागचे बुश मार्चमध्ये करायचेत, कूलंट बदलायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलीय. आज सकाळी घाटाच्या माथ्यावर, तिघं बसलेले, एसी चालू, ९४.